सुलतान खानचा मालक

शोधत होतो एक डाव आणि जाऊन पोचलो पाकिस्तानातल्या सरगोध्याला. नेहमीचंच आहे हे माझं, रात्री अकराला म्हटलं झोपायच्या आधी जरा बघू आणि मग दोन वाजले.

झालं असं की जुन्या भारतीय बुद्धिबळपटूंबद्दल वाचताना एक ओळ सापडली, १९३५ साली सुलतान खान आणि आपले व्ही. के. खाडिलकर यांची दहा डावांची मॅच झाली होती आणि खाडिलकरांना त्यातला फक्त एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकी नऊ सुलतान खानने खाल्ले. साडेनऊ-अर्धा. मराठी माणूस म्हणून थोडं वाईट वाटलं, पण समोर कोण होता ते बघितलं की तो अर्धा गुणसुद्धा मोठा वाटायला लागतो.

सुलतान खान ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा माणूस. लहानपणी वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला, म्हणजे आपले आजोबा-पणजोबा खेळायचे तसं, प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर चालणार, किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी. माझे आजोबा असंच खेळायचे, कापडी पटावर, आणि मी शाळेतून शिकून आलेलं प्यादं दोन घरं सरकवलं की माझा हात धरून ते परत मागे ठेवायचे. तर हा माणूस १९२६ च्या सुमारास पाश्चात्य नियम शिकला, १९२८ ला हिंदुस्थानचा चॅम्पियन झाला, १९२९ ला लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली. मग १९३२ आणि १९३३ ला परत. मधल्या काळात हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, ६५ चालींत, ज्यात कापाब्लांकाचा वजीर पार कोंडला गेला. त्या डावात सुलतान खानची पाचवी चाल काय आहे माहितीय? अगदी डाव्या कडेचं प्यादं, एक घर पुढे. ते बघून मला आजोबाच आठवले. (ही चाल आज पेट्रोस्यानच्या नावाने पुस्तकात असते, ते जाऊदे.)

१९३३ च्या शेवटी तो परत आला आणि मोठ्या बुद्धिबळाच्या दृष्टीने संपला. म्हणजे पाच वर्षंसुद्धा धड नाहीत. का आला परत? तर त्याचा मालक परत आला म्हणून.

आता ही गोष्ट मी कितीतरी वेळा वाचलीय आणि प्रत्येक वेळी हा मालक एका वाक्यात येतो आणि जातो. "सर उमर हयात खान, एक श्रीमंत जमीनदार." काही जुन्या पुस्तकांत तर त्याला चक्क महाराजा करून टाकलंय. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइनने किस्सा लिहून ठेवलाय की १९३३ च्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकन टीमला लंडनच्या घरी जेवायला बोलावलं होतं, यजमानाने स्वागतालाच सांगितलं की तुमचं नशीब थोर, एरवी मी फक्त माझ्या शिकारी कुत्र्यांशीच बोलतो, आणि मग जेवण वाढायला आला कोण तर सुलतान खान. फाइनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुलतान खानच्या घरच्यांना हे नोकरपण मान्य नाही, त्यांचं म्हणणं आमचं घराणं पिरांचं, जमीनजुमला असलेलं, तो कोणाचा गडी वगैरे नव्हता. फाइन किस्सा रंगवून सांगतोय हे वाचताना कळतंच, पण एका माणसाने परत यायचं ठरवल्यावर दुसऱ्याचं करिअर संपतं, त्या नात्याला नाव काहीही द्या.

तर ह्या वेळी मी ठरवलं की सुलतान खानला थोडा वेळ बाजूला ठेवायचं आणि मालकाच्या मागे जायचं. आणि मालकच जास्त इंटरेस्टिंग निघाला राव.

महाराजा बिहाराजा काही नव्हता. शाहपूर जिल्ह्यातल्या कालरा इस्टेटीचा मलिक. तिवाना हे पंजाबातलं जुनं लढवय्यं कुळ, मुसलमान तिवाने आहेत, शीख आहेत, हिंदूपण होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाप मलिक साहिब खान, १८५७ ला आपले घोडेस्वार घेऊन इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याचं फळ म्हणून जमीन मिळाली, त्याने झेलम नदीवरून स्वतःचा खासगी कालवा काढला. आपल्याकडे विहीर खणणं म्हणजे घराण्याची पुण्याई, तिकडे माणसं नदीच फोडून घरी आणत होती. तो भाग म्हणजे तेव्हा नुसती बार, झुडपी माळ, उंट आणि गुरं चारायची जागा. पाणी आलं की त्याच मातीचं सोनं. ज्याच्या हातात कालव्याचं तोंड त्याच्या हातात सगळी कुळं, इतका सोपा हिशोब.

बाप १८७९ ला गेला. पोरगं चार-पाच वर्षांचं. मग कोर्ट ऑफ वॉर्ड्स, म्हणजे सरकारच पालक, सरकारच इस्टेट बघणार, सरकारच पोराला लाहोरच्या एचिसन कॉलेजात घालणार. हे वाचताना मला सारखे शाहू महाराज आठवत होते. वय साधारण तेच, लहानपणी डोक्यावरचं छत्र जाणं तेच, इंग्रजांनी काढलेल्या राजकुमारांच्या शाळेत शिक्षण तेच, घोडे आणि शिकारीचा नाद तोच. आणि मग दोघं किती वेगळ्या दिशांना गेले. महाराजांनी त्याच शिक्षणातून वेदोक्त आणि ५० टक्के राखीव जागा काढल्या, आणि हा? हा सरकारला जे हवं होतं तंतोतंत तेच झाला. खरं सांगायचं तर ब्रिटिशांच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेला स्टँडर्ड माल हाच, महाराज म्हणजे अपवाद.

काय हवं होतं सरकारला? माणसं आणि घोडे. बस.

हे घोड्यांचं प्रकरण जरा थांबून सांगतो कारण मला स्वतःला हे अजिबात माहीत नव्हतं. १९०१ ला लोअर झेलम कालवा सुरू झाला, १९०३ ला सरगोधा शहर वसवलं, आणि ह्या नव्या कॉलनीत जमीन वाटायची ठरली ती कशासाठी, तर फौजेला घोडे कमी पडतायत म्हणून. तुम्हाला मुरब्बा मिळणार, म्हणजे साधारण २५ एकरांचा चौकोनी तुकडा, पण त्या बदल्यात फौजेच्या माणसाने पास केलेली घोडी पाळायची, वळू सरकारचा, आणि शिंगरू चांगलं निघालं तर त्यावर फौजेचा डोळा. अशा शेतकऱ्याला म्हणायचे घोडीपाल. पुढचा पार्ट अजून भारी आहे, ही जमीन सगळ्या पोरांत वाटायची नाही, फक्त थोरल्याला जाणार, कारण तुकडे झाले तर घोडी कोण पोसणार! म्हणजे घोडीसाठी वारसा हक्क बदलला. आपल्याकडे भावाभावांत बांधावरून खून पडतात, तिथे धाकट्या भावांना काय वाटलं असेल विचार करा. ह्या आणि असल्याच अटींवरून कालव्याच्या भागातला शेतकरी १९०७ ला भडकला, पगडी संभाल जट्टा हे गाणं तेव्हाचं, लाला लजपत राय आणि अजित सिंगांना उचलून थेट मंडालेला नेलं.

आणि ह्या सगळ्या व्यवस्थेत कालऱ्याचा मलिक म्हणजे अगदी नमुना. स्वतःचे घोडे, स्वतःचे स्वार, स्वतःचा कालवा. वर १९०० चा जमीन हस्तांतरणाचा कायदा होताच, म्हणजे सावकाराने शेतकरी जातीच्या माणसाची जमीन विकत घ्यायची नाही. आपल्याकडे १८७५ ला सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, तिकडे सरकारने दंगा व्हायच्या आधीच बंदोबस्त केला कारण ह्याच शेतकऱ्याची पोरं फौजेत. पण गंमत अशी की त्या कायद्यात शेतकरी म्हणजे कोण? जात. कालऱ्याचा मलिक आणि दोन एकरवाला दोघंही कागदावर शेतकरीच. सावकार बाजूला झाला आणि लहान शेतकऱ्याची जमीन घ्यायला बडा जमीनदार मोकळा. हे आपल्याला आजही ओळखीचं वाटेल, मी जास्त बोलत नाही.

फौजेतलं करिअर बघा. मानद कमिशन, अठराव्या तिवाना लान्सर्समध्ये. सोमालीलँडला गेला. मग यंगहजबंड ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेबरोबर तिबेटला, १९०३-०४. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमिया. १९१९ ला तिसरं अफगाण युद्ध. म्हणजे आरामखुर्चीतला जमीनदार नव्हता हा, हे मान्य करायलाच पाहिजे. शेवटी मानद मेजर जनरल झाला. पण युद्धात ह्याचा खरा उपयोग आघाडीवर नव्हता, गावात होता. रंगरूट भरती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत सगळ्यात मोठा वाटा पंजाबचा, आणि तो काही सगळा हौसेने गेलेला नाही. मलिक, झैलदार, लंबरदार, म्हणजे गावोगावचे सरकारी मुखिये, प्रत्येकाला वरून आकडा यायचा आणि तो खाली ढकलायचा. शाहपूर जिल्ह्यात १९१८ ला सक्तीच्या भरतीवरून जमावाने एका तहसीलदाराला ठार मारलं, एवढं ते टोकाला गेलं होतं. ज्याने जास्त माणसं दिली त्याला जास्त मुरब्बे, किताब, तलवार, खिलत म्हणजे मानाचा पोशाख.

आता दिल्ली दरबार. १२ डिसेंबर १९११. सगळ्या पुस्तकांत ह्या दरबाराचे दोनच मुद्दे असतात, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणि बंगालची फाळणी रद्द. पण सुरुवातीला एक छोटा सीन आहे. कर्णे वाजतात, घोड्यावर बसलेला दिल्ली हेरल्ड, एक इंग्रज जनरल, भरजरी झगा वगैरे, राज्याभिषेकाची घोषणा इंग्रजीत वाचतो. आणि मग त्याचा असिस्टंट हेरल्ड तीच घोषणा उर्दूत वाचतो, मोठ्या आवाजात, सगळ्या हिंदुस्थानला ऐकू जावी म्हणून. हा असिस्टंट म्हणजे मलिक उमर हयात खान. पस्तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, घोड्यावर, लाखभर लोकांसमोर, सम्राटाचा आवाज. ह्याच्या आयुष्यातला हाच सगळ्यात मोठा क्षण असणार असं मला वाटतं.

आणि त्याच दिवशी त्याच मैदानात आपले सयाजीराव गायकवाड आले, फार दागिने नाहीत, एकदाच मान झुकवली आणि ठरल्याप्रमाणे मागे-मागे चालत जायच्या ऐवजी सरळ पाठ फिरवून निघून गेले. केवढा बोभाटा झाला त्याचा, शेवटी महाराजांना खुलासा करावा लागला. मुद्दाम केलं की गोंधळात झालं यावर आजपण वाद घालतात लोक. मला मात्र तो एकच फोटोफ्रेम डोक्यात बसलाय, एकजण राजाची घोषणा वाचतोय आणि थोड्या वेळाने दुसरा पाठ फिरवतोय.

राजकारण म्हणाल तर मोर्ले-मिंटो सुधारणांनंतरच्या मोठ्या कौन्सिलात हा होता, ज्यात गोखले होते. विचार करा, पुण्याहून कर्जाचे, मिठाच्या कराचे, लष्करी खर्चाचे आकडे तोंडपाठ करून आलेले गोखले, आणि पलीकडे हे मिशीला पीळ दिलेले मलिक साहेब. गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल १९१२ ला ३८ विरुद्ध १३ ने पडलं. सरकारी सभासद विरोधात होतेच, पण बड्या जमीनदारांनाही ते नकोच होतं, शिकलेलं कूळ कोणाला पाहिजे असतं! पुढे मलिक साहेब कौन्सिल ऑफ स्टेटवर गेले, आणि १९२९ ला नेमणूक झाली थेट लंडनला, भारतमंत्र्याच्या इंडिया कौन्सिलवर, १९३४ पर्यंत.

आणि इथे परत बुद्धिबळ येतं. लंडनला जाताना बरोबर काय न्यायचं? लवाजमा. नोकरचाकर, शिकारी कुत्री, ससाणे हा शौकच होता त्याला, आणि एक बुद्धिबळपटू. आपल्या संस्थानिकांनी नाही का पैलवान पदरी ठेवले, गवई ठेवले, तसंच. फक्त हा पैलवान इतका तगडा निघेल असं मालकालाही वाटलं नसणार. १९३० हॅम्बुर्ग, १९३१ प्राग, १९३३ फोकस्टोन, तिन्ही ऑलिंपियाडना इंग्लंडच्या टीमचा पहिला बोर्ड सुलतान खान. आणि एवढंच नाही, ह्याच घरात काम करणारी फातिमा नावाची मुलगी १९३३ ला ब्रिटिश महिला चॅम्पियन झाली! एकाच घरातून, एकाच वर्षी, दोन्ही चॅम्पियन. मालक इंडिया कौन्सिलात काय बोलला हे आज कोणालाही ठाऊक नाही आणि त्याच्या घरच्या माणसांचे डाव जगभर लोक लावून बघतायत.

मला सुरुवातीला ह्या माणसाचा रागच आलेला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ह्याला स्वतःला बुद्धिबळाची खरी आवड होती आणि हा नसता तर सुलतान खान मिठा तिवान्याच्या बाहेर कोणाला कळलाच नसता. ज्याने दार उघडलं त्यानेच लावलं. फातिमाने पुढे सांगितलंय की परत आल्यावर सुलतान खानला तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं, इंग्लंडची थंडी आणि दमट हवा सोसत नव्हती, मलेरियाने बेजार. मग आपण ज्याला करिअर संपलं म्हणतो ते त्याच्यासाठी काय होतं? परत येऊन तो शेती करायला लागला. मुलांना बुद्धिबळ शिकवलं नाही, जास्त उपयोगाचं काहीतरी करा म्हणाला. १९६६ ला सरगोध्यात वारला. ग्रँडमास्टर किताब फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, दिला २०२४ ला, मानद, म्हणजे मेल्यावर ५८ वर्षांनी.

मलिक साहेबांचं शेवटचं प्रकरण मात्र त्यांचं नाहीच, मुलाचं आहे. खिजर हयात. बापासारखाच एचिसन, बापासारखीच फौज, मग १९३७ ला पंजाब असेंब्लीत, युनियनिस्ट पक्षाकडून. हा पक्ष म्हणजे फजल-इ-हुसेन आणि रोहतकचे छोटू राम यांनी उभा केलेला, मुसलमान, हिंदू, शीख जमीनदार एकत्र, धर्म नाही जमीन बघायची असं राजकारण. डिसेंबर १९४२ ला पंजाबचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, सिकंदर हयात अचानक वारले आणि त्यांच्या जागी खिजर आला. १९४४ ला जिन्ना मागे लागले, मंत्रिमंडळाचं नाव बदला, युनियनिस्ट नको, मुस्लिम लीगचं म्हणा. खिजर नाही म्हणाला. हा सगळा ताण चालू असतानाच २४ मार्च १९४४ ला बाप गेला. खिजर लीगचापण सभासद होता, मे महिन्यात लीगने त्याला काढून टाकलं.

आणि त्याचं म्हणणं काय होतं, तर तिवाने हिंदू पण आहेत, शीख पण आहेत, त्यांच्या लग्नाकार्याला मी जातो, ते माझे नातेवाईक, मग ते वेगळं राष्ट्र कसं? हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण द्विराष्ट्रवादाला इतकं साधं, घरगुती उत्तर मी कुठल्याच मोठ्या पुढाऱ्याकडून वाचलं नव्हतं, आणि ते आलं कोणाकडून, तर ज्या घराण्याला मी रात्रभर मनात शिव्या घालत होतो त्यांच्याकडून.

अर्थात त्याला देवमाणूस करायची पण घाई नको. त्याचा सगळा डोलारा उभा होता तो इंग्रज इथेच राहणार ह्या भरवशावर, आणि खालच्या कुळाला मत नसण्यावर, तेव्हा मतदानाचा हक्कच मोजक्या लोकांना होता. १९४६ च्या निवडणुकीत १७५ पैकी मुसलमानांच्या ८६ जागा, त्यातल्या ७० च्या वर लीगने नेल्या, युनियनिस्ट विसेक उरले. तरी काँग्रेस आणि अकालींना घेऊन खिजरने सरकार केलं. जानेवारी १९४७ मध्ये लीगच्या नॅशनल गार्डवर आणि संघावर एकदम बंदी घातली, लीग रस्त्यावर उतरली, रोज मोर्चे, रोज त्याच्या नावाने शिमगा. २० फेब्रुवारीला ॲटलीने जाहीर केलं आम्ही जाणार. २ मार्चला खिजरने राजीनामा दिला. काल-परवापर्यंत ज्याला शिव्या घालत होते त्याच लोकांनी लगेच नवीन घोषणा काढली, ताजी खबर आयी ए, खिजर साड्डा भाई ए. एका रात्रीत भाऊ. आणि त्याच आठवड्यात लाहोर, अमृतसर, रावळपिंडी पेटायला सुरुवात झाली.

खिजर १९७५ ला वारला, कॅलिफोर्नियात. कालऱ्यापासून इतक्या लांब की बापाने लंडनला नेलेला लवाजमा आठवून हसूच येतं.

असो, दोन वाजून गेले होते आणि मूळ काम राहिलंच. खाडिलकरांचा तो बरोबरीत सुटलेला डाव. नऊ हरलेले बघायची मला हौस नाही, पण तो एक, ज्यात आपल्या माणसाने कापाब्लांकाला पाडणाऱ्याला अडवून धरलं, त्याच्या चाली कोणाकडे असतील, एखाद्या जुन्या वहीत, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, तर फोटो काढून पाठवा. अक्षर कसंही असूदे, मी लावून घेईन.